सक्तीच्या शिक्षणातील कर्तव्याचा प्रश्न (१८८२ ते २०२४)

प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत ‘सक्ती’ हा शब्द सुमारे १४० वर्षे वावरत आहे. शब्द तोच राहिला असला, तरी त्याचा अर्थ मात्र तोच राहिलेला नाही. सक्ती म्हटली की कोणीतरी बांधला जातो, आणि कर्तव्य चुकल्यास त्याचे फळ कोणाला तरी भोगावे लागते. प्राथमिक शिक्षणाच्या निरनिराळ्या कायद्यांनी हा बांधला जाणारा पक्ष निरनिराळा ठरविला. कधी तो पालक होता, कधी नगरपालिका वा लोकल बोर्ड, तर कधी प्रत्यक्ष राज्यसंस्था. पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दिली. तिच्या आधारे महाराष्ट्र राज्याने २०२३ मध्ये व केंद्र शासनाने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये नियम केले. त्यांवरील वाद सामान्यतः ‘ढकलपास हवे की नको’ अशा स्वरूपात मांडला जातो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे; आणि तो समजून घेण्यासाठी सक्तीचे कर्तव्य आजवर कोणाकोणाकडे सोपविले गेले, ह्याचा मागोवा घेणे अवश्य ठरते.

१. रयतेचा पैसा आणि सरकारचे कर्तव्य

जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी होती. तिच्यामागील युक्तिवाद आर्थिक स्वरूपाचा होता. सरकारी तिजोरीत येणारा महसूल हा प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून निर्माण होतो. त्याचा विनियोग मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही, याकडेही त्यांनी आयोगाचे लक्ष वेधले. वरच्या वर्गांना शिकविले म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपत जाईल, या समजुतीला अनुभवाचा आधार नाही, हे त्यांच्या निवेदनाचे मध्यवर्ती सूत्र होते.

या मागणीचा एक विशेष नजरेतून सुटता कामा नये. फुले यांनी सक्ती मागितली ती एकटी मागितली नाही. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा, अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशा सूचनांसह ती मागणी आली. म्हणजे मुलाने शाळेत यावे, ही अपेक्षा करण्यापूर्वी शाळा त्याच्या योग्यतेची असावी, हे त्यांनी गृहीत धरले होते. सरकारने कर घेतला आहे, तेव्हा शाळेचे देणे सरकारच्या अंगावर आहे, असा हा हिशेब होय.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराला अग्रक्रम देण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु सक्तीची शिफारस केली नाही. प्राथमिक शाळांची व्यवस्था नव्याने उभ्या राहणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याकडे त्याचा कल होता. ज्या संस्थांचे उत्पन्न तुटपुंजे, त्यांच्याकडे सर्वांत मोठे काम गेले. कर्तव्य खाली ढकलण्याच्या प्रक्रियेचा आरंभ येथे दिसतो.

२. पालकावरील सक्ती

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने शालेय मंडळे स्थापन झाली व १८८० मध्ये उपस्थिती सर्वत्र सक्तीची झाली. त्या सक्तीचे स्वरूप पालकास दंड करण्याचे होते. हिंदुस्थानातील पहिल्या प्रयत्नांनी हाच नमुना स्वीकारला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानास लागू केला. याच वर्षी मुंबई शहरात सक्तीचे शिक्षण शक्य आहे काय, याचा विचार करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली; लोकांची अद्याप तयारी झालेली नाही, असे तिचे मत पडले. संस्थानी प्रजेची तयारी होते आणि इलाख्याच्या राजधानीतील नागरिकांची होत नाही, ही विसंगती त्या काळच्या सुधारकांच्या नजरेत भरल्याशिवाय राहिली नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८ मार्च १९१० रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असा ठराव मांडला व सरकारी आश्वासनानंतर तो मागे घेतला. पुढे १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक सादर केले. हे विधेयक अत्यंत सावध होते. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथेच सक्ती लागू व्हावयाची होती; तीही स्थानिक संस्थेने प्रांतिक सरकारच्या संमतीने केल्यास. प्रथम ती ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती होती. दरमहा १० रुपयांहून कमी उत्पन्न असणाऱ्या पालकास फी माफ होती. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने व दोन हिस्से सरकारने सोसावेत, अशी योजना होती. मूल शाळेत न पाठविणारा पालक दंडास पात्र ठरे.

इतके सौम्य असूनही हे विधेयक १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. सरकारी बाजूने पैशाची अडचण व लोकांची अनिच्छा ही कारणे पुढे केली. बिनसरकारी सभासदांपैकी काही जमीनदारांनीही विरोध केला. गोखले यांच्या योजनेत सक्तीचे दोन धागे होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. एक पालकावरील, दुसरा सरकारी तिजोरीवरील. विरोधकांनी उघड चर्चा पहिल्याची केली. सरकारला प्रत्यक्षात जड वाटला तो दुसरा.

त्यानंतरच्या कायद्यांत पहिला धागा टिकला आणि दुसरा सैल झाला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९१८ च्या मुंबई कायद्याने इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार दिला. मात्र तो केवळ अधिकार होता, बंधन नव्हते. मुंबई शहरासाठी १९२० चा स्वतंत्र कायदा झाला व १९२५ मध्ये तेथील एफ आणि जी या दोन विभागांत सक्ती सुरू झाली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी स्थानिक संस्थांच्या शालेय मंडळांकडे गेली. अनुदानाच्या अभावी अनेक ठिकाणी सक्ती कागदावरच राहिली.

या काळात करवीर संस्थानातील प्रयोग वेगळा उठून दिसतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंडाची तरतूद येथेही होती. तथापि दरबाराने आपल्या बाजूचे कर्तव्यही त्याच वेळी अंगावर घेतले: खेडोपाडी शाळा काढणे, त्यांच्या खर्चाची तरतूद करणे, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत प्रवेश देणे. शेवटच्या आज्ञेचे महत्त्व मोठे आहे. शाळेचे दार ज्याला बंद आहे, त्याच्यावर शाळेत जाण्याची सक्ती करणे निरर्थक होय, हे तिने मान्य केले.

३. ‘गळती’ व ‘स्थगन’ यांचा शोध

सायमन आयोगास साहाय्यक म्हणून नेमलेल्या हार्टॉग समितीने १९२९ मध्ये आपला अहवाल दिला. शिक्षणाच्या परिभाषेत तिने दोन संज्ञा रूढ केल्या. प्राथमिक शिक्षण पुरे होण्याआधी मुलाने शाळा सोडणे ही ‘गळती’. एकाच वर्गात एकाहून अधिक वर्षे अडकून पडणे हे ‘स्थगन’. १९२२-२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेत होती, हा तिचा आकडा पुढे अनेक दशके उद्धृत होत राहिला.

समितीच्या मते या स्थितीची कारणे एकशिक्षकी शाळा, अप्रशिक्षित शिक्षक, अपुरी तपासणी, खेड्याच्या जीवनाशी न जुळणारा अभ्यासक्रम अशी होती. मूल एका वर्गात अडकले, तर शाळेत काहीतरी बिघडले आहे, असे तिचे निदान होते. वर्गात मागे ठेवणे हा तिच्या लेखी रोग होता. त्याला उपाय म्हणून तिने कोठेही पाहिले नाही. उपाययोजनेत मात्र समितीने वेगळी वाट धरली. घाईने विस्तार करू नये, सक्ती सावकाश लागू करावी, आहेत त्या शाळा एकत्रित व सुदृढ कराव्यात, असा सल्ला तिने दिला.

या सल्ल्याला महाराष्ट्रातून अभ्यासपूर्ण उत्तर मिळाले. मुंबई नगरपालिकेच्या प्राथमिक शिक्षणाच्या प्रत्यक्ष कारभाराचा अनुभव असलेले रा. वि. परुळेकर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षरतेवरील आपल्या ग्रंथात विस्ताराची बाजू समर्थपणे मांडली. निरक्षर देशात गुणवत्तेच्या नावाखाली विस्तार रोखणे म्हणजे बहुसंख्यांना शाळेबाहेर ठेवणे होय, हा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ‘संख्या की गुण’ हा वाद तेव्हापासून आजपर्यंत मिटलेला नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत एकत्रीकरण करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा दोन्ही पक्षांनी जे मुद्दे मांडले, त्यांत हार्टॉग व परुळेकर यांचे प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतात.

स्वातंत्र्यानंतर संशोधनाची दिशा अधिक काटेकोर झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या. त्यांचे अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पटावरील नोंद आणि प्रत्यक्ष शिक्षण यांत अंतर असते, हे तत्त्व अशा जिल्हावार अभ्यासांमुळे शिक्षणविचारात रुजले. कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) या परंपरेतून एक व्यवहार्य निष्कर्ष काढला. स्थगनाचे प्रमाण खालच्या वर्गांत सर्वाधिक असल्याने पहिली व दुसरी हे वर्ग एकच अखंड घटक मानावेत आणि त्यांच्या दरम्यान मुलास अडवू नये, अशी शिफारस त्याने केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर भागातील कार्यकर्ते आणि परुळेकरांचे सहकारी होते. म्हणजे ‘अनुत्तीर्ण न करणे’ ही २००९ मध्ये एकाएकी सुचलेली कल्पना नव्हे. तिच्यामागे सुमारे ८० वर्षांच्या निरीक्षणाची परंपरा आहे.

४. राज्यसंस्थेवरील सक्ती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४५ ने वयाची १४ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने १० वर्षांत प्रयत्न करावा, असे सांगितले. ही मुदत १९६० मध्ये संपली. अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांतील असल्याने मुदत चुकल्याबद्दल कोणासही न्यायालयात जाता आले नाही. याउलट १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात पालकावर हजेरीचा हुकूम बजाविण्याची व दंडाची तरतूद होतीच. दुर्बल पक्षाचे कर्तव्य दंडनीय आणि सबल पक्षाचे कर्तव्य केवळ नैतिक, अशी ही विषम रचना होती.

ती बदलण्यास १९९३ पासून आरंभ झाला. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे मानले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ समाविष्ट झाला, आणि त्याला अनुसरून झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या अधिनियमाचे कलम ८ ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे काय, याची व्याख्या तेथे दिली आहे. प्रत्येक बालकास मोफत प्राथमिक शिक्षण देणे आणि त्याचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्णता यांची निश्चिती करणे, हे समुचित शासनाचे बंधन होय, असा तिचा आशय आहे. कलम १० मध्ये पालकाचे कर्तव्य सांगितले आहे. पण त्यासाठी दंड ठेवलेला नाही. पूर्वीची रचना येथे पूर्णपणे उलटली. फुले यांच्या निवेदनातील हिशेब १२७ वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कलम १६ हे याच व्याख्येचे अपत्य होते. पूर्णतेची जबाबदारी शासनाची, म्हणून प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणाही बालकास वर्गात मागे ठेवू नये वा शाळेतून काढू नये, असे ते सांगत होते. त्याच्या जोडीला कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होते. मूल कोठे अडते, हे शिक्षकाने वर्षभर पाहावे आणि तेथल्या तेथे मदत करावी, ही त्यामागील कल्पना. एक कलम दुसऱ्यावाचून अपुरे होते.

५. २०१९ ची दुरुस्ती आणि कर्तव्याचे स्थलांतर

व्यवहारात कलम १६ सोपे होते, कलम २९ अवघड. मुलांना वरच्या वर्गात घालण्यास एक शिक्का पुरतो; सातत्यपूर्ण मूल्यमापनास पुरेसे शिक्षक, प्रशिक्षण व वेळ लागतो. परिणामी अनेक ठिकाणी पहिले कलम पाळले गेले आणि दुसऱ्याचे रूपांतर तक्ते भरण्यात झाले. नववीत गेल्यावर मुलांचे कच्चेपण एकदम उघडे पडते, अशी शिक्षकांची व पालकांची तक्रार होती; आणि ती निराधार नव्हती. ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालानुसार देशातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मधील १६.३ टक्के व २०१८ मधील २०.९ टक्के या आकड्यांशी तुलना करता त्यात सुधारणा आहे. तरीही तिसरीतील चारांपैकी तीन मुले मागे आहेत, हे वास्तव नाकारता येत नाही. पाचवीत हेच प्रमाण ४४.८ टक्के होते.

या असमाधानातून २०१९ ची दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी; अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी; तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्यास मागे ठेवण्याची परवानगी शासन देऊ शकेल; मात्र शाळेतून काढता येणार नाही, अशी तिची रूपरेषा आहे. ज्यांना हा मार्ग नको, त्या राज्यांना पूर्वीचे धोरण चालू ठेवण्याची मोकळीक आहे. डिसेंबर २०२४ पर्यंत १६ राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांनी पूर्वीचे धोरण सोडले होते.

दुरुस्तीच्या समर्थकांचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकावयास हवे. परीक्षा नसेल तर मूल शिकले की नाही, हे कळण्याचे साधनच राहत नाही. आणि न शिकता वर जाणे ही मुलाची फसवणूक होय. हा युक्तिवाद परीक्षेच्या आवश्यकतेपर्यंत ग्राह्य आहे. त्यापुढे एक अंतर राहते. परीक्षा दोष दाखविते. तो दोष कोणाचा, हे ती सांगत नाही. तिसरीत जे मूल दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाही, त्याची अडचण पाचवीच्या परीक्षेपूर्वी दोन वर्षे दिसत होती. त्या दोन वर्षांत ज्या शिक्षकाची जागा रिक्त राहिली, ज्या अधिकाऱ्याने पाहणी केली नाही, ज्या शासनाने जादा मार्गदर्शनाची तरतूद केली नाही, त्यांच्यावर दुरुस्तीने कोणताही परिणाम जोडलेला नाही. परिणाम जोडला आहे तो दहा-अकरा वर्षांच्या मुलाला.

येथे कायद्याच्या अंतरंगात एक विरोध उत्पन्न झाला आहे. कलम ८ मधील व्याख्या तशीच राहिली. पूर्णतेचे बंधन आजही शासनावर आहे. कलम १६ प्रमाणे मात्र पूर्णता न झाल्याची किंमत मूल देते. १९११ च्या विधेयकात दंड पालकाला होता, तोही पैशाचा. नव्या रचनेत दंड मुलाला आहे आणि तो आयुष्यातील एका वर्षाचा आहे. ज्या घटनेला हार्टॉग समितीने ‘स्थगन’ म्हणून शाळेचा दोष मानले, तिलाच आता उपायाचे नाव मिळाले आहे.

तथापि दुरुस्तीत एक कलमांश असा आहे की, ज्याच्या आधारे हा तोल सावरता येईल. परीक्षा आणि पुनर्परीक्षा यांच्यामधील जादा मार्गदर्शन हे शासनाचे व शाळेचे काम आहे. ते कोणी दिले, किती तास दिले, त्यासाठी कोणता शिक्षक उपलब्ध होता, याची नोंद प्रत्येक शाळेत राहिली, तर मूल मागे राहण्यापूर्वी शासनाने आपले कर्तव्य केले काय, हे तपासता येईल. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ही परीक्षा सुरू झाली असल्याने जिल्हा परिषदांच्या शाळांतील हजेरीपट, निकालपत्रके व पुढील वर्षाचा पट यांचा मेळ घालणे अभ्यासकांना शक्य आहे. पाचवीत मागे राहिलेली मुले पुढील वर्षी त्याच वर्गात हजर होती की शाळेबाहेर गेली. ती कोणत्या तालुक्यांतील, कोणत्या समाजगटांतील होती. त्यांच्या शाळेत किती शिक्षक होते, हे प्रश्न सातारा जिल्ह्याच्या पाहणीच्या धर्तीवर विचारले गेले पाहिजेत. त्यांच्या उत्तरांवाचून दोन्ही पक्षांचा वाद केवळ मतांचा राहील.

सारांश, सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास हा कर्तव्याच्या स्थलांतराचा इतिहास आहे. १८८२ मध्ये ते सरकारकडे मागितले गेले. पुढे ते स्थानिक संस्थांकडे व पालकांकडे उतरले. २००९ मध्ये ते कायद्याने राज्यसंस्थेकडे परत आले. आणि २०१९ पासून त्याचा काही भार मुलाच्या खांद्यावर सरकू लागला आहे. परीक्षा ठेवावी की ठेवू नये, याचा निर्णय कोणताही होवो. तिच्या निकालपत्रकावर मुलाच्या नावासमोर जसा शेरा असतो, तसा शाळेच्या व शासनाच्या नावासमोरही असावयास हवा. त्याविना ‘सक्ती’ हा शब्द कायद्यात राहील, परंतु ती ज्याच्यावर असावयास हवी, तो पक्ष मात्र मोकळा सुटेल.